तुझ्या नावावर समुद्रकिनारा आहे!

ए, ऐक ना! एक गुपित सांगू?

तू जमीनदार आहेस. अगदी खराखुरा! तुझ्या मालकीचा समुद्रकिनारा आहे. वाघ फिरतात ते जंगल आहे. चिंकारा उड्या मारतात तो माळ आहे. बोरिवलीचा बिबट्यांचा डोंगर आहे, आणि त्या डोंगरात कोरलेली शंभराहून जास्त लेणीसुद्धा!

"छे! घरी तर कुणी काही बोललं नाही," असं म्हणशील. कसं बोलणार? बहुतेक मोठ्या माणसांना हे आठवतच नाही. म्हणून तर तुला सांगायचं ठरवलं.

आता असं बघ. तुझ्या शाळेचं मैदान कुणाचं? मुख्याध्यापकबाईंचं? नाही. शिपाईकाकांचं? नाही. दहावी ब चं? त्यांना तसं वाटतं खरं, पण नाही! ते सगळ्यांचं. तुझंही.

पण गंमत बघ हं. तुझं असूनही त्याचा एक तुकडा कापून तुला घरी नेता येत नाही. मधोमध स्वतःची खोली बांधता येत नाही. कुणाला विकता तर मुळीच येत नाही. आणि जी बाळं आत्ता घरी पाळण्यात हातपाय झाडतायत, पाच-सहा वर्षांनी पहिलीत येणार आहेत, त्यांचंही ते मैदान आहे. आत्तापासूनच!

अशा "सगळ्यांच्या" जमिनी आपल्या देशात जागोजागी आहेत. जंगलं, माळरानं, गायरानं, तळी, नद्यांचे काठ, समुद्रकिनारे, शहरातल्या टेकड्या. त्यांना म्हणतात सार्वजनिक जमिनी. कुठे त्या वनखातं सांभाळतं, कुठे ग्रामपंचायत, कुठे महानगरपालिका. पण सांभाळणारा म्हणजे मालक नव्हे! मालक आपण सगळे मिळून.

ही कल्पना किती जुनी असेल, ओळख पाहू! पन्नास वर्षं? शंभर?

जवळजवळ पंधराशे वर्षं! तेव्हा रोमन साम्राज्याचा सम्राट होता जस्टिनियन. त्यानं इसवी सन ५३३ मध्ये कायद्याचं एक पुस्तक तयार करवून घेतलं. कुणासाठी? कायदा शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांसाठी. म्हणजे चक्क पाठ्यपुस्तक! त्यात सांगितलं होतं की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गतःच सगळ्यांच्या आहेत.

आणि पुढचं ऐक. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक भांडण आलं. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एक हॉटेल होतं. पुराचं पाणी आपल्या आवारात येऊ नये म्हणून हॉटेलवाल्यांनी काय करावं? नदीचा प्रवाहच दुसरीकडे वळवायला घेतला! अख्ख्या नदीला सांगितलं, "तू तिकडून जा!"

न्यायाधीशांनी तोच जुना रोमन विचार काढला आणि निकाल दिला. नदी, समुद्र, जंगल, हवा या सगळ्यांच्या गोष्टी आहेत. सरकार त्यांचं मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. आजी गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे डबा ठेवायला देते ना? काकूंनी तो सांभाळायचा. त्यातले लाडू वाटून टाकायचे नाहीत!

बरं, आता तुझी मालमत्ता बघायला निघू या. आधी किनारा.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा, लाल कौलांची घरं आणि पुढे वाळूचा लांबच लांब पट्टा. हिवाळ्यात रात्री, सगळं गाव झोपलेलं असताना, समुद्रातून एक पाहुणी हळूच वर येते. ऑलिव्ह रिडले कासवीण! वजन चाळीस किलोच्या आसपास. म्हणजे कदाचित तुझ्यापेक्षाही जास्त!

पाण्यात ती झोकात पोहते. पण वाळूवर? बिचारीला एकेक पाऊल टाकणं जड जातं. तरी ती सरपटत, थांबत, धापा टाकत वर येते. मग मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा खणते. मागे वळून न बघता! खड्ड्याचा आकार कसा? चंबूसारखा. तोंड अरुंद, पोट रुंद. त्यात ती पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी गोल अंडी घालते. एक-दोन नाही, शंभरच्या आसपास!

मग खड्डा वाळूनं बुजवते. आणि आता बघ काय करते! डावीकडे-उजवीकडे डोलत डोलत, स्वतःच्या अंगानं ती वाळू ठोकून बसवते. थप थप, थप थप. झालं. समुद्रात परत. पिल्लांचं तोंडसुद्धा ती कधी बघत नाही.

यातली सगळ्यात आश्चर्याची गोष्ट अजून सांगितलीच नाही! अंड्यातून मुलगा निघणार की मुलगी, हे कोण ठरवतं माहीत आहे? वाळू! हो, खरंच. वाळू थंड असली तर जास्त नर निघतात आणि चांगली ऊबदार असली तर जास्त माद्या. म्हणजे वेळासची ती भुरी वाळू नुसती बसायला, किल्ले करायला नाही. ती चालू असलेलं उबवणी यंत्र आहे!

पूर्वी लोक ही अंडी खणून न्यायचे. खायला, विकायला. मग २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. आता पहाटे कुणीतरी किनाऱ्यावर फिरून कासवाच्या पायांचे ठसे शोधतं. कोल्ह्या-कुत्र्यांनी अंडी खाऊ नयेत म्हणून ती अलगद काढून, किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तसाच चंबूसारखा खड्डा करून त्यात ठेवतात. पिल्लं निघायच्या वेळी वर एक टोपली पालथी घालतात. साधारण पन्नास-साठ दिवसांनी सकाळ-संध्याकाळ ती टोपली उचलून बघायची.

आणि मग एक दिवस टोपलीखाली वळवळ वळवळ! तुझ्या तळहातावर मावतील अशी इवलीशी काळपट पिल्लं!

त्यांना थोड्या अंतरावर वाळूवर सोडतात. समुद्र कुठे आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. मग कळतं कसं? उजेडावरून! अंधारात जमिनीपेक्षा समुद्राकडचं आभाळ जास्त उजळ असतं. जिकडे उजेड, तिकडे घर. पिल्लं तरातरा तिकडे निघतात.

आता कल्पना कर. किनाऱ्याला लागून कुणी मोठ्ठाले झगझगीत दिवे लावले तर? पिल्लांना वाटेल, समुद्र तिकडेच! ती उलट्या दिशेला जातील, रस्त्याकडे. म्हणून किनारा "माझा एकट्याचा" म्हणून चालत नाही. तुझा आहे, माझा आहे, आणि रात्री अंधार हवा असणाऱ्या त्या कासवांचाही आहे.

थांब, कासवाची एक गोष्ट राहिलीच. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका कासविणीच्या पायाला धातूचा छोटा बिल्ला लावला. त्यावर नंबर होता ०३२३३. तुझ्या हजेरीपटावरच्या नंबरासारखा! ओडिशा कुठे? भारताच्या पूर्वेला, बंगालच्या उपसागरावर. मग २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवीण अंडी घालायला आली. तिचा बिल्ला वाचला तर काय? ०३२३३!

अख्ख्या भारताला वळसा घालून आली की ती! निदान साडेतीन हजार किलोमीटर! पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी, असं तोवर समजत होते. या बाईसाहेबांना दोन्ही किनारे आपलेच वाटतात! मला तर ही बातमी वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

चल, आता समुद्राकडे पाठ कर. घाट चढून वर देशावर येऊ. इथे तुझा माळ आहे.

माळ बघून पहिल्यांदा कुणीही म्हणेल, "इथे काय आहे? काहीच नाही!" उन्हाळ्यात पिवळं गवत, थोडे दगड, एखादी बोर, एखादी बाभळ. कितीतरी माळांची कागदोपत्री नोंदही "पडीक" अशीच होते. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नसे, ती त्यांच्या लेखी वायाच गेलेली! त्यांचं गणित पैशाचं होतं. माळावरच्या माणसांना, जनावरांना कुणी विचारलंच नाही.

खरं तर "काहीच नाही" असलेल्या या माळावर कोण कोण राहतं, मोज बरं! लांडगा. खोकड, म्हणजे छोटासा कोल्हा. तरस. ससा. घोरपड. सरळ वर उडत जाऊन आभाळातच गाणं म्हणणारा चंडोल. आणि चिंकारा! पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा गवतात चिंकारा सुखानं चरतात.

पण माळावर मला सगळ्यात लाडकं कोण आहे सांगू? कुसळ!

हो हो, तेच. तुझ्या मोज्यांत घुसून टोचतं ते. घरी गेल्यावर आई एकेक उपटत बसते ते. ते कुसळी गवताचं बी आहे. एक कुसळ काढून नीट बघ. पुढे सुईसारखं टोक. टोकाला मागे वळलेले बारीक केस. आणि मागे लांबच लांब काळपट शेपटी, पीळ दिलेल्या दोरीसारखी.

आता एक प्रयोग. वाळलेलं कुसळ टेबलावर ठेव. टोक बोटाला लागू देऊ नको, चांगलंच टोचतं! शेपटीच्या पीळ असलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब सोड. आणि बघत राहा.

फिरलं! अरे, कुसळ आपोआप फिरतंय! कुणी हात लावला नाही, किल्ली दिली नाही, सेल घातला नाही!

झालं काय? ओलावा मिळाला की शेपटीचा पीळ उलगडतो. वाळली की पुन्हा पीळ बसतो. माळावर रात्री दव पडतं, दिवसा ऊन तापतं. त्यामुळे ही शेपटी रोज फिरते. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. आणि पुढचं टोक? ते मातीत शिरत जातं. स्क्रू पिळावा तसं! ते मागे वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. म्हणजे हे बी स्वतःच स्वतःला पेरतं! वणवा वरून निघून गेला तरी मातीतलं बी शाबूत राहतं. पाऊस आला की माळ हिरवागार.

ज्या जमिनीवर असलं यंत्र उगवतं, तिला पडीक कसं म्हणायचं?

या माळांवर वर्षानुवर्षं चालणारी माणसंही आहेत. धनगर. दिवाळीच्या सुमारास मेंढ्यांचे कळप, घोडी, कुत्री, कोंबड्या, लहान मुलं असं सगळं घर घेऊन ती निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गावी परततात. काही जण तर घाट उतरून पार कोकणात जातात. वाटेत शेतकरी त्यांना हाक मारतात, "आमच्या रानात मेंढ्या बसवा!" का? मेंढ्या रात्रभर शेतात बसल्या की लेंड्यांचं फुकट खत. शेतकऱ्याला खत, धनगरांना धान्य. पण शेतात मेंढ्या बसणार पिकं निघाल्यावर. बाकीच्या दिवसांत चरायचं कुठे? गायरानात, माळावर, सगळ्यांच्या जमिनीवर. ती वाटेतून गायब झाली तर ही लांबलचक वाटच तुटते.

पूर्वीच्या गावांनी अशा जागा मोठ्या विचारानं राखल्या होत्या. आपल्या महाराष्ट्राच्या जमीन महसूल कायद्यात, तो १९६६ सालचा आहे, गावच्या मोकळ्या जमिनी कशाकशासाठी राखून ठेवता येतील याची यादी आहे. ती वाचताना फार गंमत वाटते. गुरांना फुकट चरायला जमीन. सरपणाला जमीन. बाजार भरवायला. वाटसरूंना तळ ठोकायला. आणि खळ्यासाठीसुद्धा! खळं म्हणजे कणसं मळून, वाऱ्यावर उफणून दाणे मोकळे करायची सपाट जागा. आजीला विचार, तिला माहीत असेल. ज्याच्याकडे स्वतःची वीतभर जमीन नाही, त्याच्या शेळीनं कुठे चरायचं याचाही विचार त्या यादीत आहे. मला ती यादी म्हणूनच आवडते.

आता जंगलात जाऊ. आणि भेटू एका वाघाला!

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एक तरुण वाघ होता. तरुण वाघाला आईचं घर सोडावं लागतं आणि स्वतःचा इलाखा शोधावा लागतो. त्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला होता. तो कुठे आहे हे पट्ट्यातून उपग्रहामार्फत कळायचं. २०१९ साली हा पठ्ठ्या निघाला. चालला. चालला. चालतच राहिला! महाराष्ट्रात, मध्येच तेलंगणात, परत महाराष्ट्रात. शेवटी लोकांनी त्याचं नावच ठेवलं वॉकर, म्हणजे चालणारा.

किती चालला असेल, सांग पाहू? तीन हजार किलोमीटरच्या वर!

वर्ष संपता संपता तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथे राहिला. तिथे दुसरा एकही वाघ नव्हता. अख्खं अभयारण्य एकट्याचं!

पण मधली सगळी वाट काही जंगलाची नव्हती. शेतं होती, रस्ते होते, गावं होती. मग तो गेला कसा? तुला "डोंगर की पाणी" खेळ येतो ना? राज्य असलेला पाण्यात. बाकीचे एका उंच दगडावरून पळत दुसऱ्या दगडावर, मग पायरीवर, मग कट्ट्यावर. वॉकर अगदी तोच खेळ खेळत होता. एक जंगलाचा तुकडा, मग रात्रीच्या अंधारात शेतातून पळ, मग झुडपांनी भरलेला नाला, मग पुन्हा एक छोटं जंगल. दिवसा लपायचं, रात्री निघायचं.

आता विचार कर, खेळताना मैदानातले सगळे "डोंगर" कुणी काढून टाकले तर? मोठ्ठं अभयारण्य तर हवंच. पण मधला तो वेडावाकडा नाला, गावाबाहेरचं झुडपी जंगल, "याचा काय उपयोग" म्हणून हिणवलेला तो तुकडा, तोही हवा! वॉकरसाठी तो डोंगर असतो.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे तर उलटीच तऱ्हा. सुमारे शंभर चौरस किलोमीटर जंगल आणि चहूबाजूंनी मुंबई-ठाण्याच्या इमारती! आत बिबटे आहेत, जुने आदिवासी पाडे आहेत, कान्हेरीची लेणी आहेत. तिथे पूर्वी राहणारे बौद्ध भिक्खू मोठे हुशार. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी कातळातच टाकी खोदली. त्या टाक्यांना पोढी म्हणतात. आणि याच जंगलाच्या पोटात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. दीडशेच्या आसपास वर्षं झाली, मुंबईचे नळ त्यांच्याकडून पाणी घेतायत. आता शहर एवढं फुगलंय की बाकीचं पुष्कळ पाणी लांबून आणावं लागतं. पण विहार नि तुळशी अजूनही आपला वाटा देतात!

आता जिथे जायचंय ते गाव नकाशात शोधायला भिंग लागेल. गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका, गाव मेंढा. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे म्हणतात मेंढा-लेखा. गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. पण त्यांची घोषणा ऐकशील तर उडी मारशील! "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!"

त्यांच्या ग्रामसभेचा नियमही भारी आहे. बहुमतानं काही ठरवायचं नाही. म्हणजे साठ जण हो आणि चाळीस जण नाही, तर साठांचं चालणार, असं नाही! सगळ्यांना पटेपर्यंत बोलत बसायचं. तुमच्या वर्गाची सहल कुठे न्यायची हे असं ठरवून बघा बरं एकदा!

२००६ साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या गावांचा त्या जंगलावर हक्क आहे, असं तो सांगतो. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक! कुणा एकाच्या नावावर नाही, सगळ्या गावाच्या.

पण गोष्ट इथे अडली. कशावर? बांबूवर!

आधी मला सांग, बांबू म्हणजे काय? झाड? चूक! बांबू म्हणजे गवत! गहू, ज्वारी, ऊस आणि आपलं ते कुसळी गवत, सगळ्यांचा तो भाऊबंद. फक्त खूप उंच झालेला. पण १९२७ सालच्या वन कायद्यानं त्याला "झाड" ठरवून टाकलं होतं. झाड म्हटलं की लाकूड आलं, आणि लाकूड न्यायचं तर खात्याचा परवाना आला. गावकरी म्हणाले, बांबू हे गौण वनोपज आहे, नव्या कायद्यात तसं लिहिलंय. म्हणजे मध, मोह, तेंदूपानांसारखं. तो विकायचा हक्क ग्रामसभेचा. खातं ऐकेना. गावकऱ्यांनी भांडण केलं, पण कसं? कायद्याची पुस्तकं वाचून! गावात अभ्यास मंडळ असतं. तिथे बसून ते एकेक कलम समजून घ्यायचे.

शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वनमंत्री स्वतः गावात आले. बांबू न्यायच्या परवान्यांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हातात दिलं. आता परवाना गावच देणार!

आणि कायद्यातला तो बांबू? जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरतं का होईना, त्याचं "झाड"पण २०१७ मध्ये निघालं. नव्वद वर्षं गवताला झाड म्हणत होते सगळे!

जंगल आपलं झालं म्हणून मेंढा-लेखानं ते तोडून संपवलं का? उलट! वणवा लागू नये म्हणून गाव लक्ष ठेवतं. काय तोडायचं, कधी तोडायचं, किती तोडायचं हे सभेत बसून ठरतं. "सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही" असं काही माणसं म्हणतात ना, त्यांनी एकदा मेंढा-लेखाला जाऊन यावं.

अर्थात सगळीकडे असं होत नाही. पंजाबात पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर नावाचं गाव आहे. तिथल्या गावतळ्यात काही जणांनी भर टाकली आणि वर घरं बांधायला लागले. गुरं पाणी पिणार ते तळं, नाहीसं! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ च्या जानेवारीत न्यायालयानं सांगितलं की तळं गावाचं आहे, गावाला परत द्या. आणि नुसतं तेवढंच नाही. देशातल्या सगळ्या राज्यांना सांगितलं की गावांच्या सामाईक जमिनी बळकावल्या असतील तर त्या सोडवा. एका तळ्यावरून सगळ्या देशाला हुकूम!

तुझ्या गावात, तुझ्या शहरात अशी जमीन कुठे आहे? हे शोधणं फार मजेचं आहे. गावाचा नकाशा तलाठी कार्यालयात असतो. आता तो 'महाभूनकाशा'वर मोबाइलमध्येही दिसतो. त्यात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला गट नंबर असतो. त्या नंबराचा सातबारा काढला की वर मालकाचं नाव दिसतं. शोधता शोधता एखाद्या सातबाऱ्यावर "सरकार" किंवा "गायरान" असं लिहिलेलं सापडेल. सापडलं की ओरड, "मिळालं!"

शहरात राहत असशील तर टेकडी, नदीकाठ, खाडी, खारफुटी, बाग शोधायची. पुण्याची वेताळ टेकडी आहे, मुंबईचे किनारे आहेत. तुझ्या घरापासून पायी पोचता येईल अशी एखादी जागा नक्की असेल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या दिवसांच्या आसपास बऱ्याच गावांत ग्रामसभा भरते. घरच्या कुणाबरोबर जा आणि मागच्या रांगेत बसून ऐक. तिथे गायरानाचा विषय निघतो का बघ. निघतोच, बहुतेक!

आणि आजोबांना तीन प्रश्न विचार. तुमच्या लहानपणी गुरं कुठे चरायची? पोहायला कुठे जायचात? खळं कुठे लागायचं? ते हात लांब करून दाखवतील, "तिकडे, ओढ्यापलीकडे." मग तू चौथा प्रश्न विचार: तिथे आता काय आहे?